लग्न पुढे ढकललं, तर ॲडव्हान्स कुणाचा?

मधुमालती
धाकट्या बहिणीचं लग्न मे महिन्यात पुण्यात ठरलं होतं. पत्रिका छापून आल्या, केळवणं सुरू झाली, आणि 6 आठवडे राहिले असताना तिच्या होणाऱ्या सासऱ्यांची बायपास करावी लागली. डॉक्टर म्हणाले, तीन महिने दगदग नको. त्यापुढे चातुर्मास. म्हणून दोन्ही घरांनी डिसेंबरचा पहिला आठवडा धरला.

आता हिशोब ऐका. हॉलचं भाडं 2,10,000, त्यातलं निम्मं दिलेलं. मॅनेजर म्हणतो पुढे ढकलणं म्हणजे रद्दच, पावतीच्या मागे छापलंय. म्हणजे 1,05,000 बुडाले आणि डिसेंबरचं पूर्ण भाडं नव्याने भरायचं. केटररने 50,000 जमा धरले, पण 520 चं ताट 560 केलं. साडेचारशे पानांचे 18,000 जादा. डेकोरेशनवाले दादा म्हणाले, "ताई, फुलं कुठं आणलीत अजून? तारीख सांगा फक्त." त्यांच्याकडचे 30,000 शाबूत. फोटोवाल्याची तऱ्हा वेगळी. 40,000 परत नाहीत, नव्या तारखेला तो स्वतः दुसरीकडे, "टीममधला मुलगा पाठवतो" म्हणे. मेकअपवालीचे 5,000 गेले, त्यावर मी भांडणार नाही. तिने त्या दिवशीच्या दुसऱ्या नवरीला नाही म्हटलं होतं, मला माहीत आहे.

ताटाचा वाढीव भाव मला पटतो. हॉल आणि फोटोवाला पटत नाहीत. आम्ही काही हौसेने तारीख बदललेली नाही.

दोन_घास
मी केटरर आहे, त्यामुळे दगड माझ्यावरही येणार. तरी बोलतो.

लोकांना वाटतं आम्ही ॲडव्हान्सचा किराणा भरून ठेवतो. तसं नसतं. किराणा चार दिवस आधी, भाजी आदल्या पहाटे मार्केट यार्डातून. सहा आठवडे आधी कळलं तर माझा एक दाणा वाया जात नाही. जाते ती तारीख. मे महिन्यात मुहूर्ताचे दिवस मोजके, आणि त्याच दिवसांवर आचाऱ्याला उचल दिलेली असते, वाढप्यांच्या मुकादमाला शब्द दिलेला असतो. त्या तारखेला मी तीन जणांना परत पाठवलेलं असतं. ते काय माझ्यासाठी थांबणार आहेत? हॉलवाल्याचं तर त्याहून अवघड. मी एका दिवशी दोन कार्यं उचलू शकतो, त्याचा हॉल एकच.

सासऱ्यांच्या तब्येतीचं वाईट वाटतं. पण त्याची किंमत हॉलवाल्याने का मोजायची?

खडीसाखर
दोन_घास, तुम्ही प्रामाणिक लिहिलंत, पण अर्धंच. तारीख गेली खरी, ती रिकामी राहिली का? सहा आठवड्यांत दुसरं गिऱ्हाईक मिळालं तर एकाच दिवसाचं दीडपट भाडं झालं की.

भारतीय करार कायदा 1872, कलम 74. करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी ती मर्यादा समजायची, तिच्या आत वाजवी भरपाई तेवढी मिळते. 2015 चा कैलाशनाथ विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण हा निकाल वाचा. 3.12 कोटींच्या बोलीवर भरलेले 78 लाख प्राधिकरणाने जप्त केले, मग तोच भूखंड 11.78 कोटींना विकला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नुकसान झालंच नाही तर जप्ती कसली? पैसे परत करा.

सदाशिव_पेठी
खडीसाखर, निकाल पूर्ण सांगा ना. त्या प्रकरणात बोली लावणाऱ्याने करार मोडलाच नव्हता, चूक प्राधिकरणाची होती. इथे तारीख कुणी मोडली? वधूपक्षाने. कारण कितीही खरं असो. आणि इसार म्हणून दिलेली रक्कम करार मोडला की जाते, हे आपल्या आजोबांनाही ठाऊक होतं.

खडीसाखर
इसार म्हणून दिली असेल तर! पावतीवर "ॲडव्हान्स" असेल तर तो भाड्याचा भाग, इसार नव्हे. आणि इसार धरला तरी निम्मं भाडं म्हणजे इसार होतो का? आजोबांच्या काळी बैलामागे अकरा रुपये द्यायचे.

पंचगंगा
आमच्याकडं बँडवाल्याला सुपारी देतात. एकदा सुपारी घेतली की तो दुसऱ्या वरातीला जात नाही, आणि मोडली तर सुपारी त्याची. भांडण नाही, कागद नाही. पण सुपारी असते हजार-दोन हजारांची, निम्मी बिदागी नव्हे. तुम्ही शहरवाल्यांनी सुपारीचं डिपॉझिट केलं आणि मग रडताय.

उंबरठा
2020 आठवा. आमचं लग्न मे मध्येच होतं. हॉलने सगळे पैसे परत केले, वर मालकाने फोन करून चौकशी केली. माणुसकी म्हणून काही असतं.

दोन_घास
2020 ला सरकारनेच बंदी घातली होती. नंतर 50 माणसांची परवानगी, 2021 च्या एप्रिलमध्ये तर 25 माणसं आणि दोन तास. हॉल द्यायचा म्हटलं तरी देता येत नव्हता. इथे हॉल उघडा आहे, झाडून तयार आहे. दोन्हीची तुलना कशी करता? आणि त्या दोन वर्षांत माझे दोन आचारी गावी गेले ते परत आलेच नाहीत. माणुसकीचा हिशोब आमच्या बाजूनेही मांडा कधीतरी.

खडीसाखर
इथे मात्र दोन_घास बरोबर आहेत. आजारपणाने लग्न अवघड होतं, करार अशक्य होत नाही. त्याच कायद्यातल्या, अशक्य झालेला करार रद्द ठरवणाऱ्या कलम 56 चा आधार मिळणार नाही.

पण मधुमालती, फोटोवाल्याकडे जोर लावा. तुम्ही त्याच्या नावावर, त्याचं काम बघून ठरवलंत. नव्या तारखेला तो स्वतः येत नाही आणि पैसेही ठेवतो, म्हणजे दोन्ही हातांनी लाडू. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये अवाजवी कराराची व्याख्याच आहे, नुकसानीच्या मानाने बेसुमार दंड त्यात येतो. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका. पावती पक्की आहे ना?

मधुमालती
हॉलची पक्की. फोटोवाल्याची म्हणजे "रिसीव्हड ताई" आणि एक नमस्काराचा इमोजी.

सदाशिव_पेठी
40,000 आणि नमस्कार! धन्य.

मधुमालती
चार दिवसांनी लिहितेय. आत्तेभाऊ हॉलवरून जात होता, त्याने सहज आत जाऊन आमच्या तारखेची चौकशी केली. "तारीख गेली" म्हणाले. आमची तर सोडलेली, म्हणजे दुसऱ्या कुणाला दिली! मी स्वतः जाऊन रजिस्टर दाखवा म्हटलं. दाखवलं नाही, पण मॅनेजरचा आवाज खाली आला. शेवटी म्हणाला, 75,000 डिसेंबरच्या भाड्यात वळते करतो, 30,000 आमचे.

खडीसाखर
घेऊ नका. तारीख भरली असेल तर त्याचं नुकसान शून्य. पूर्ण 1,05,000 मागा, लेखी.

दोन_घास
घ्या ताई. दुसरं गिऱ्हाईक त्याने फोन करकरून आणलं असेल, कदाचित कमी भाड्यात. त्या कष्टाचे 30,000 जास्त आहेत हे मान्य, 15 वर तोडा. आणि या वेळी लिहून घ्या, तारीख पुन्हा हलली तर काय. सासऱ्यांचं वय झालंय, वाईट अर्थाने म्हणत नाही.

मधुमालती
बाबा म्हणतात 30 तर 30, ज्या हॉलमध्ये अक्षता पडायच्या तिथे नोटीस नको. आई म्हणते 30,000 मध्ये मुलीचा शालू येतो. मी उद्या 15 मागायला जातेय. फोटोवाल्याने निळी टिक करून ठेवली आहे, उत्तर नाही.