व्हॅनमधली ट्युब्युलर बॅटरी काढून लिथियम टाकावी का? जूनमध्ये हिमाचलात स्पितीला जायचंय, त्याआधी ठरवायचंय

चाकावरचं_घर
नमस्कार. आमची २०१७ची ट्रॅव्हलर आहे. २०२१मध्ये सीटा काढून राहायची सोय करून घेतली. मागे पलंग, पलंगाखाली १५० एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे साठा) ट्युब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असते तसली लेड अ‍ॅसिड बॅटरी, शेजारी घरात वापरतात तसला इन्व्हर्टर, छतावर २०० वॅटचं पॅनल. गाडी चालताना अल्टरनेटरवरूनही मागची बॅटरी चार्ज होते, मध्ये फक्त एक रिले (आपोआप जोडणारा-तोडणारा स्विच) आहे. आम्ही दोघं आणि नऊ वर्षांची लेक. वर्षाला साधारण तीस रात्री गाडीत जातात, बहुतेक कोकणात.

गेल्या महिन्यात तारकर्लीला दोन दिवस गाडी सुरूच्या बनात लावली होती. दुसऱ्या रात्री अडीचला फ्रिजची घरघर थांबली आणि त्या शांततेनेच जाग आली. पंखेही बंद. सकाळी मालवणच्या बाजारातून आणलेली सुरमई मांजरांच्या वाट्याला गेली. बॅटरी चार वर्षांची आहे.

दुकानदार म्हणतो, १०० एएचची लिथियम ३६ हजारांना घ्या, "तेच टर्मिनल, तीच जागा, बाकी काही करायचं नाही." नवीन ट्युब्युलर १६ हजारांना मिळतेय. २० हजार जास्त घालण्यात अर्थ आहे का? आणि नवऱ्याला भीती आहे की मोबाईल फुटतो तशी पलंगाखाली ही फुटेल. स्वतः वापरलेल्यांनी सांगा.

घाटवळण
दादा, डोळे झाकून लिथियम घ्या. मी दोन वर्षं वापरतोय, मागे वळून बघितलं नाही.

सोल्डर_काका
डोळे झाकून काहीही घेऊ नका, विशेषतः बॅटरी. आधी वापर किती आहे ते लिहा. फ्रिज केवढा, पंखे किती, आणि गाडी एरवी कुठे उभी असते?

चाकावरचं_घर
@घाटवळण, दादा नाही, ताई. गाडी नवरा चालवतो, वायरिंग माझ्याकडे.

काका, ४० लिटरचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज, ४५ वॅट. बारा व्होल्टचे दोन पंखे, प्रत्येकी दोन अँपिअर. एलईडी दिवे, दोन मोबाईल, एक लॅपटॉप, पाण्याचा पंप. स्वयंपाक गॅसवर. गाडी सोसायटीत शेडखाली असते, म्हणजे पॅनलला ऊन नाही, आणि पार्किंगमध्ये प्लगही नाही.

सोल्डर_काका
हिशेब मांडू. ४५ वॅट म्हणजे पावणेचार अँपिअर. कोकणातल्या उकाड्यात फ्रिज जवळपास निम्मा वेळ चालतो असं धरलं तर दिवसाचे ४० एएच. पंखे आठ तास, ३२. दिवे, चार्जिंग, पंप मिळून २५. एकूण ९५-१००.

तुमच्या १५० एएचमधले रोज वापरावेत असे निम्मेच, ७५. त्याच्या खाली वारंवार नेलीत तर ट्युब्युलरचं आयुष्य झपाट्याने घटतं. २०० वॅटचं पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला ५० एएच देईल, पण सुरूच्या सावलीत त्याच्या निम्मेही नाहीत. दुसऱ्या रात्री अडीचला बंद पडली यात नवल काहीच नाही.

आता दुकानदार जे सांगत नाही ते. लिथियमच्या १०० एएचमधले ८०-९० आरामात वापरता येतात. म्हणजे १५०ची ट्युब्युलर धडधाकट असेल तर साठ्यात फरक फक्त पाच ते पंधरा एएचचा. "रात्र निघत नाही" एवढ्यासाठी बदलत असाल तर ३६ हजार घालून फ्रिज अडीचऐवजी पाचला बंद पडेल.

खरा फरक भरण्याचा आहे. ट्युब्युलर शेवटचा वीस टक्के भाग अगदी सावकाश घेते, कितीही मोठा चार्जर लावा. तुम्ही मुक्कामावरून मुक्कामाला दोन तास गाडी चालवता, तेवढ्यात ती पूर्ण भरतच नाही. लिथियमला ३० अँपिअर दिलेत तर ती जवळजवळ शेवटपर्यंत ३० घेत राहते. दोन तासांत ६० एएच आत.

टेन्ट_ते_टेम्पो
काकांशी सहमत, पण एक सांगतो. वर्षाला तीस रात्री फिरणाऱ्याला तीन हजार सायकलची (एकदा भरून वापरली की एक सायकल) बॅटरी कशाला? शंभर वर्षं पुरेल. ताईंची नातवंडं वापरतील. १६ हजारांची नवीन घ्या, उरलेल्या वीसमध्ये डिझेल भरा.

मोकळी_वाट
@टेन्ट_ते_टेम्पो, कागदावर बरोबर, पण उलटं होतं. कमी फिरणाऱ्याचीच लेड अ‍ॅसिड लवकर मरते. पावसाळ्यात तीन महिने गाडी उभी, बॅटरी अर्धी, प्लेटांवर सल्फेट साचतं आणि ते कडक झालं की परत निघत नाही. माझ्या दोन ट्युब्युलर अशाच गेल्या, एकीने तर तीनशे सायकलसुद्धा पाहिल्या नसतील. लिथियम निम्मी भरून ठेवायची, लोड काढायचा, विसरून जायचं. दसऱ्याला तशीच मिळते.

आणि ताई, तुमची ट्युब्युलर पाणी घालायची आहे ना? ती पलंगाखाली आहे हे मला दोनदा वाचावं लागलं. चार्ज होताना त्यातून हायड्रोजन निघतो, आणि हवेत चार टक्के झाला की ठिणगी पुरते. बाहेर काढलेली व्हेंटची नळी आहे का?

चाकावरचं_घर
नळी आहे. पण खरं सांगायचं तर एका टोकाला सुटलेली सापडली, आज तुमच्यामुळे बघितली. आणि पलंगाच्या त्या कोपऱ्यात ठेवलेल्या गोधडीला बारीक भोकं पडली होती, आम्ही झुरळांना बोल लावत होतो. आजीच्या नऊवारीची गोधडी आहे.

मोकळी_वाट
झुरळं सुटली निर्दोष. अ‍ॅसिडचे शिंतोडे आहेत ते. खाण्याच्या सोड्याचं पाणी करून ती जागा पुसून घ्या, हातमोजे घालून.

कोलोरॅडोकर
आमचा इथे डेन्वरजवळ ट्रेलर आहे, तीन वर्षांपूर्वी लिथियम केली. "नुसती बॅटरी बदला" हे इथेही सांगतात आणि मी फसलो होतो. ट्रेलरचा जुना चार्जर १३.६ व्होल्टच द्यायचा, त्यावर लिथियम रडतखडत भरायची. शेवटी १४.४ देणारा लावला. तेव्हा इन्व्हर्टरचं चार्जिंग सेटिंग तपासा. इक्वलायझेशनवाला मोड (ट्युब्युलरचे सेल सारखे करायला मुद्दाम जास्त व्होल्टेज देणारा) असेल तर तो बंदच हवा, त्यात व्होल्टेज पंधराच्या वर जातं.

थंडी हा दुसरा मुद्दा, स्पितीला जाताय म्हणून. लिथियम शून्याखाली वापरता येते, पण चार्ज करता येत नाही. केली तर आत लिथियम धातूचा थर बसतो आणि तो कायमचा. चांगल्या बॅटरीचा बीएमएस, म्हणजे आतलं राखण करणारं सर्किट, शून्याला चार्जिंग तोडतो. स्वस्तातल्यात हा सेन्सर नसतो. दुकानात हाच एक प्रश्न विचारा आणि त्याचा चेहरा बघा.

घाटवळण
मागचं वाक्य मागे घेतो ताई :) स्पितीच्या वाटेवर चंद्रताल तळ्याला जूनमध्ये पहाटे बाहेर पाण्याची बाटली गोठलेली पाहिली आहे. पण माझी बॅटरी आत सीटखाली असते. आम्ही झोपलो होतो तिथे ती पाच-सहा डिग्रीला होती. माणूस आत गारठत नसेल तर तीही गारठत नाही. ट्रकच्या चेसिसवर बाहेर पेटी लावणाऱ्यांचे हाल.

सोल्डर_काका
फुटण्याचं. मोबाईलमध्ये बहुतेक कोबाल्टवाली लिथियम असते. गाडीत टाकायची ती लिथियम आयर्न फॉस्फेट, एलएफपी. फॉस्फेट ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतं, त्यामुळे तापली तरी आगीला आतून खाद्य मिळत नाही. अगदी अशक्य असं कोणी म्हणू नये, पण ती खूप शांत आहे. हे रसायन टेक्सासमध्ये गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत पुढे आलं. २०१९ला नोबेल मिळालं तेव्हा ते ९७ वर्षांचे होते. त्या वयातही माणूस चार्ज होता, हे आपलं उगाच.

भीती बाळगायचीच तर शॉर्टची बाळगा. टर्मिनलवर पाना आडवा पडला तर वेल्डिंग होतं. प्लसपासून वितीच्या आत फ्यूज पाहिजे म्हणजे पाहिजे.

आता माझं खरं काम. मल्टिमीटर आहे ना? इंजिन चालू करून पुढच्या बॅटरीवर व्होल्ट बघा, मग मागच्या. मधली तार किती जाड आणि किती लांब तेही मोजा. अ‍ॅसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर मिळाला तर सहाही सेलचं रीडिंग घ्या.

रोडरोलर
एक अनुभव. मी बाजारातून स्वस्तातली "१०० एएच" घेतली होती. मित्राकडे लोड लावून मोजली तर ६२ भरली. दुकानदार म्हणाला, "हळूहळू खुलेल." लोणचं आहे का ते? कपॅसिटी टेस्टचा कागद मागा, नाहीतर वजन करा. खरी १०० एएच ११ ते १३ किलो भरते. माझी साडेसात होती.

चाकावरचं_घर
उशीर झाला, लेकीची परीक्षा होती. रविवारी गाडी भोरपर्यंत फिरवून आणली, रात्रभर काही न लावता ठेवली.

सकाळी मागची बॅटरी १२.१ व्होल्ट. हायड्रोमीटरवर सहाही सेल १.१७ ते १.१८.
इंजिन चालू, पुढे १४.२, मागे १३.३. क्लॅम्प मीटरवर २० अँपिअर जात होते.
तार ६ स्क्वेअर एमएम, इंजिनपासून पलंगापर्यंत ७ मीटर.

पुढे आणि मागे ०.९चा फरक कुठे गेला?

सोल्डर_काका
शाब्बास. तारेत गेला. ६ स्क्वेअरच्या तांब्याचा रोध मीटरला तीन मिलिओहम. जायचे सात, यायचे सात, एकूण चौदा मीटर, म्हणजे ४३ मिलिओहम. गुणिले वीस अँपिअर, ०.८६ व्होल्ट. तुमचं मीटर खोटं बोलत नाहीये.

ट्युब्युलरला पूर्ण भरायला १४.४ लागतात, तिला मिळतात १३.३. वर शेडखाली ऊन नाही आणि प्लग नाही. भरलेल्या सेलचं रीडिंग १.२४च्या आसपास यायला हवं. सगळ्यांचं सारखंच कमी आहे, म्हणजे एखादा सेल गेलेला नाही. ताई, तुमची बॅटरी म्हातारी नाही, चार वर्षं उपाशी आहे.

आणि याच तारेवर थेट लिथियम लावली असतीत तर? तिचा अंतर्गत रोध फार कमी, ती ओरबाडून घेते. ५० अँपिअर ओढले तरी तारेतच शंभर वॅटच्या वर उष्णता, तीही प्लायवूडमागे. अल्टरनेटर तापतो तो वेगळा. वर बॅटरी भरल्यावर बीएमएसने झटक्यात तोडलं तर अल्टरनेटरचे डायोड उडू शकतात. म्हणून मध्ये डीसी-डीसी चार्जर लागतो, तो करंट आवरतो आणि बॅटरीला हवं ते व्होल्टेज देतो. ३० अँपिअरचा पुरे. ३६ हजारांत तो धरलेला नाही, केबल नाही, फ्यूज नाही. खरा आकडा साठच्या जवळ जाईल.

आधी कोणाकडून चार्जर आणून तिला दोन दिवस पोटभर जेवू घाला, मग बोलू.

टेन्ट_ते_टेम्पो
म्हणजे मी म्हणालो तेच, वीस हजार वाचले.

मोकळी_वाट
गोधडीची भोकं वाचली नाहीत.

चाकावरचं_घर
दिरांच्या गॅरेजमध्ये दोन दिवस लावली, व्हेंट आणि झाकणं नीट बघून. पाच सेल १.२४, एक १.२३. मग रात्री नऊपासून फ्रिज आणि दोन्ही पंखे चालू ठेवले, सकाळी सातला १२.३. म्हणजे बया जिवंत आहे!

आमचं ठरलंय ते असं. या आठवड्यात २५ स्क्वेअरची केबल, दोन्ही टोकांना फ्यूज, आणि ३० अँपिअरचा डीसी-डीसी, ज्यात लेड आणि लिथियम दोन्हीची सेटिंगं आहेत. गुढीपाडव्याला दिवेआगर जुन्याच बॅटरीवर करायचं. मेमध्ये लिथियम घ्यायची, कमी तापमानाला चार्जिंग तोडणारी, आणि दुकानात वजनकाट्यावर ठेवून. साठा वाढतोय म्हणून घेत नाही आहोत, ते गणित काकांनी मोडलंच. स्पितीत काझाच्या रस्त्यावर सहा-सात तास आदळत जाताना लेकीच्या अंथरुणाखाली पातळ अ‍ॅसिड नको, एवढंच कारण. शिवाय ५५ किलोच्या जागी १२ किलो. ती पेटी सरकवताना माझी कंबर दरवेळी आठवण करून देते. ट्युब्युलर घरच्या इन्व्हर्टरला जाईल, तिथे गॅलरीत हवा खेळती आहे.

इंडक्शन चालेल का हा नवऱ्याचा शेवटचा प्रश्न.

घाटवळण
१०० अँपिअरच्या बीएमएसला १२८० वॅटची मर्यादा. दीड हजाराची शेगडी लावलीत की ट्रिप. मिक्सर चालेल, चहा गॅसवरच करा.

कोलोरॅडोकर
शंट, म्हणजे आत-बाहेर गेलेले अँपिअर मोजणारं मीटर, बसवा, विसरू नका. लिथियम ९० टक्क्यांपासून ४०पर्यंत १३.२-१३.३च्या आसपासच दाखवते. व्होल्ट बघून किती उरली ते कळत नाही.

सोल्डर_काका
केबलचे लग (टोकाला बसवायच्या कड्या) हातोडीने ठोकू नका, हायड्रॉलिक क्रिंपरने दाबून घ्या. बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत विचारा, समोर उभं राहून करून घ्या. ओढून बघा, निघाला तर परत.

चाकावरचं_घर
शनिवारी जाते. गोधडीला ठिगळ लावायला आजीला दिली आहे. तिने विचारलं, "बॅटरीत अ‍ॅसिड असतं तर तिच्या डोक्याशी झोपता कशाला?"