३० क्रेडिट पॉइंट्स आणि रविवारचा बाजार

माणदेशी_ओपीडी
सांगोला तालुक्यात जनरल प्रॅक्टिस करतो, एमबीबीएस. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन रिन्यू करायचंय, म्हणजे पाच वर्षांचे ३० पॉइंट्स दाखवणं आलं. ते मिळतात सीएमईला, म्हणजे डॉक्टरांसाठीच्या शिक्षणाच्या कार्यक्रमांना, आणि ते बहुतेक सोलापुरात, रविवारी, हॉटेलात. आमच्या गावचा बाजार रविवारीच! दवाखाना बंद ठेवला तर वस्तीवरची माणसं शटर बघून माघारी जातात. बरं, जाऊन ऐकायचं काय, तर रोबोटनं गुडघा कसा बदलतात. माझ्या दारात येतो तो डाळिंबावर फवारणी करून लाळ गाळत आलेला गडी. हाताला काही लागेल असं ट्रेनिंग कुठं मिळतं?

पॉइंट्सवाला
ऑनलाइन करून टाका. फक्त कौन्सिलची मान्यता आहे का ते आधी बघा. एमआर (औषध कंपनीचा माणूस) 'सर्टिफिकेट देतो' म्हणाला म्हणून पॉइंट धरू नका.

बार्शीकर
डॉक्टर, पॉइंट्सचं होईल ओ. शिकायचं वेगळं धरा.

पेशंट मोठ्या हॉस्पिटलात पाठवताना मी रेफर चिठ्ठीवर मोबाईल नंबर ठळक टाकतो आणि खाली लिहितो, 'डिस्चार्ज कार्डचा फोटो पाठवावा'. नातेवाईक पाठवतात. (डॉक्टर क्वचितच, असो.) मग संध्याकाळी तिथल्या वॉर्डातल्या रेसिडेंटला (शिकाऊ डॉक्टरला) फोन. ही पोरं रात्रभर तेच बघत असतात, विचारलं की मोकळेपणानं सांगतात.

सर्पदंशाचं बरंचसं असंच पक्कं झालं. नवी, कोरडी काचेची टेस्ट ट्यूब, २ मिली रक्त, २० मिनिटं हलवायची नाही. मग तिरकी करायची. गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरसं समजा. प्लॅस्टिकची नळी किंवा साबणानं धुतलेली चालत नाही. मण्यारीत मात्र ही टेस्ट नॉर्मल येते. जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटात दुखतंय म्हणून येतो, चाव्याची खूणही सापडत नाही. पापण्या खाली आल्यात का बघा, एका श्वासात आकडे मोजायला लावा, थोड्या वेळानं परत. आकडा घसरला की ॲम्ब्युलन्सची वाट बघत बसायचं नाही, अंबू बॅग (हातानं दाबून श्वास द्यायची पिशवी) हातात घ्यायची. आणि लहान मुलालाही अँटीव्हेनम मोठ्यांइतकंच.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे ब्लड प्रेशरचं औषध चालतं हे आपल्या पेशंटवरूनच दाखवलं, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तेव्हा ग्रामीण डॉक्टरनं फक्त ऐकायला जायचं, हे मला पटत नाही.

तालुक्यातले पाच-सहा जण महिन्यातून एकदा ओपीडी सुटल्यावर बसा. एकच केस, एमआरचं जेवण नको. बीएएमएस, बीएचएमएसवाल्यांनाही बोलवा. रात्रीचा पहिला फोन त्यांनाच जातो. पॉइंट्सही हवे असतील तर आयएमए या डॉक्टरांच्या संघटनेच्या शाखेमार्फत कौन्सिलकडं आधी अर्ज करा. आयत्या वेळी काही होत नाही.

पीएचसी_मोहोळ
फवारणीवाल्याबद्दल एवढंच: ॲट्रोपिन (फवारणीच्या विषावरचा उतारा) डोळ्यांच्या बाहुल्या बघून थांबवू नका, छाती ऐका. फुफ्फुसातली घरघर गेली, नाडी-बीपी सावरलं, मग बघू. कपडे आधी उतरवा, अंग धुवा, हातात ग्लोव्ह्ज घालून. आमच्याकडं नातेवाईक तोच शर्ट पिशवीत घालून शेजारी ठेवतात.

माणदेशी_ओपीडी
गुरुवारी रात्री नऊला माझ्या दवाखान्यात बसू, दोघं तयार आहेत. पहिली केस डाळिंबवाल्याची. औषधाची रिकामी बाटली त्याच्या भावाकडून मागवून ठेवली आहे, लेबल शाबूत आहे. बार्शीकर सर, व्हिडिओ कॉलवर याल का?

बार्शीकर
येतो. साडेनऊ करा, माझी ओपीडी नऊला सुटत नाही.