गोधडीला चुण्या का पडतात?
एका ताईंनी विचारलंय की, मशीनवर गोधडी शिवताना शेवटी शेवटी वरच्या कापडाच्या चुण्या का पडतात. अहो, मशीनचे दाते फक्त खालचं कापड ओढतात, वरचं फूटखाली, म्हणजे कापड दाबून धरणाऱ्या पायाखाली, अडून राहतं. त्यात जुन्या सिंथेटिक साड्या असतील तर विचारूच नका! वॉकिंग फूट (वरचं कापडही सोबत पुढे सरकवणारा फूट) मिळाला तर उत्तमच, नाहीतर फूटचा दाब जरा कमी करा, टाका 3 मिमीच्या आसपास ठेवा आणि मधून कडेकडे शिवत जा. सेफ्टी पिना मुठीएवढ्या अंतरावर, तिथे कंजुषी नको. मशीन टाके सोडत असेल तर धाग्याला शिव्या देण्याआधी 16 नंबरची नवी सुई लावून बघा. आणि नागपूरच्या मे महिन्यात कूलरसमोर थर अंथरू नका बाप्पा, एक कोपरा दाबला की दुसरा उडतो. पिना लागेपर्यंत कूलर बंद, घरचे कितीही ओरडले तरी.