प्रिंटसाठी रॉ: लॅबला टिफ द्यायची की जेपेग?

गोदातीर
नाशिकच्या फोटोग्राफर मंडळींत एक समज घट्ट बसला आहे: रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) उघडायची, १६ बिटची टिफ (दर्जा न घालवता साठवणारी मोठी फाइल) करायची, अ‍ॅडोबी आरजीबी या रुंद रंगपल्ल्यात ठेवायची आणि तीच लॅबला द्यायची. मला हे पटत नाही. काम जरूर १६ बिटमध्ये करा, पण केमिकल पेपरवर (रसायनांनी धुतल्या जाणाऱ्या फोटो-कागदावर) छापणाऱ्या लॅबच्या हाती एसआरजीबी या अरुंद, नेहमीच्या रंगपल्ल्यातली जेपेगच (दाबलेली ८ बिटची फाइल) द्या. १४ बिटच्या रॉमध्ये दर चॅनलला (लाल, हिरवा, निळा) १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगमध्ये २५६. ही शिल्लक खर्च होते ती सावल्या उचलताना आणि हायलाइट (उजळ भाग) आवरताना. ते काम झालं की कागदाला त्यातलं फार थोडं लागतं. उलट लॅबच्या सॉफ्टवेअरने फाइलमधलं प्रोफाइल (रंग कसे वाचायचे याची नोंद) वाचलंच नाही, तर अ‍ॅडोबी आरजीबीतला फोटो मळकट येतो. माणसं मग यंत्राला दोष देतात.

माझा क्रम असा: आधी व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची दुरुस्ती), मग एक्सपोजर, मग हायलाइट, शेवटी रंग. १२ बाय १८ इंचाला ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) ३६०० बाय ५४०० पिक्सेल पुरतात, २४ मेगापिक्सेलच्या फाइलमधून ते सहज निघतात. शार्पनिंग त्या मापावर आणल्यानंतरच. आधी केलं तर माप बदलताना ते पुसट होतं किंवा कडांना पांढरी रेघ येते.

तिवंधा
साफ असहमत. लॅब प्रोफाइल वाचत नसेल तर लॅब बदला, फाइल का कापायची? एसआरजीबीत एकदा उतरलात की बाहेरचे रंग कायमचे गेले. रंगपंचमीची रहाड घ्या. जुन्या नाशकातल्या त्या हौदातला गुलाबी एसआरजीबीत सपाट होतो, भिजलेल्या सदऱ्याची घडीसुद्धा दिसत नाही. शिवाय ब्रह्मगिरीमागचं संध्याकाळचं आकाश ८ बिटमध्ये पट्टे टाकतं.

द्राक्षबाग
तिवंधा, उदाहरण नेमकं चुकीचं निवडलंत. अ‍ॅडोबी आरजीबी आणि एसआरजीबी या दोन्हींचे लाल आणि निळा हे मूळ बिंदू एकच आहेत, फरक फक्त हिरव्याचा. गुलाबी लाल-निळ्याच्या रेषेवर बसतो, म्हणून तिथे अ‍ॅडोबी आरजीबीने जवळपास काहीच मिळत नाही. दिंडोरीकडच्या द्राक्षाच्या पानांचा हिरवा असता तर मुद्दा टिकला असता, तोही पिगमेंट इंकजेटवर (रंगकणांच्या शाईने छापणाऱ्या प्रिंटरवर).

रहाडीच्या फोटोत घडी हरवते ती लाल चॅनल क्लिप झाल्यामुळे (कमाल मर्यादेला टेकून तपशील गेल्यामुळे). कॅमेऱ्यावरचा हिस्टोग्राम (उजळ-गडद छटांचा आलेख) जेपेगवरून काढलेला असतो, त्यामुळे तो रॉबद्दल पूर्ण खरं सांगत नाही. रॉ उघडल्यावर तिन्ही चॅनल वेगवेगळे पाहा. एकटा लाल उजव्या भिंतीला टेकला असेल तर एक्सपोजर खाली घ्या आणि फक्त गुलाबी-लालाचं सॅच्युरेशन कमी करा. घड्या परत दिसतात.

मेनरोड
फाइल उघडतानाच घोटाळा होतो, त्यावर कोणी बोलत नाही. कॅननने २०१८ मध्ये एम५० कॅमेऱ्याबरोबर सीआर३ हा नवा रॉ प्रकार आणला. फोटोशॉप सीएस६ चा कॅमेरा रॉ (त्यातला रॉ उघडणारा भाग) ९.१.१ वर थांबलेला आहे, त्यात सीआर३ उघडणार नाही. एक्स्टेंशन बदलून काही होत नाही. अ‍ॅडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट आहे, तो कंपनीच्या रॉची डीएनजी ही सामायिक रॉ फाइल करून देतो. त्याच्या प्रेफरन्समध्ये कम्पॅटिबिलिटी जुन्या कॅमेरा रॉची निवडा. डार्कटेबल आणि रॉथेरपी हे रॉ उघडणारे प्रोग्रामही फुकट आहेत. डीएनजी झाली म्हणून मूळ फाइल उडवू नका.

दुसरं, काही व्ह्यूअर रॉ उघडल्यासारखं दाखवतात, पण ‘सेव्ह अ‍ॅज’ केलं की आतली प्रिव्ह्यू जेपेग काढून देतात. सोनीच्या बऱ्याच मॉडेलांत ती १६१६ बाय १०८० एवढीच असते. ३०० पीपीआयने साडेपाच इंचही भरत नाही, मग १२ बाय १८ फुटणारच. छापायला देण्याआधी पिक्सेल मोजून बघा.

देवळाली
मला तर ही सगळी मेहनतच जास्त वाटते. ४ बाय ६ आणि अल्बमच्या पानांना कॅमेऱ्यातली जेपेग पुरेशी आहे. दिवसाच्या लग्नातले हजार फोटो रॉमधून काढण्यात काय साधतं? व्हाइट बॅलन्स जागेवर नीट ठेवा, एक्सपोजर जपा, झालं.

तिवंधा
दिवसा ठीक आहे. गोदाघाटावरच्या आरतीला काय कराल? ज्योत पिवळी, दिव्यांचा उजेड वेगळा, चेहरे अंधारात. जेपेगमध्ये ज्योत एकदा पांढरी झाली की परत येत नाही, रॉमध्ये थोडी तरी जागा राहते.

गुलाबीबद्दल द्राक्षबाग बरोबर आहेत, ते मागे घेतो. पट्ट्यांचा मुद्दा सोडत नाही.

गोदातीर
पट्टे पडतात ते ८ बिटमध्येच कर्व्ह (छटा उजळ-गडद करणारी वक्ररेषा) ओढत बसल्याने, किंवा प्रोफोटो आरजीबी (आणखी रुंद रंगपल्ला) ८ बिटमध्ये ठेवल्याने. १६ बिटमध्ये काम संपवून शेवटी एकदाच जेपेग काढली तर कागदावर आकाश एकसंध येतं. आणि टिफ घरी मास्टर म्हणून ठेवायला माझी ना नाही. १२ बाय १८ ची १६ बिट टिफ न दाबता ११७ एमबीच्या आसपास जाते, डिस्कवर तेवढी जागा असू द्या. पिगमेंट इंकजेटवर, कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्यावर रंग कसे उमटतात याची फाइल) हाती असेल तर, तीच छापायला द्या.

मेनरोड
जेपेग देणार असाल तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नाहीतर ती आणखी लहान होते.

द्राक्षबाग
प्रिंट काळी येण्याचं मोठं कारण स्क्रीनच आहे. ब्राइटनेस पूर्ण ठेवून काळाराम मंदिराचा दगड सुधारलात, की स्क्रीनवर कोरीवकाम दिसतं आणि कागदावर नुसता काळा ठोकळा येतो. स्क्रीन ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर (स्क्रीनच्या उजेडाचं माप) या दरम्यान आणा. मग पूर्ण फोटो लहान करून नव्हे, तर १२ बाय १८ च्या मापातलाच सर्वांत गडद तुकडा कापून ४ बाय ६ वर छापून घ्या. मॅट कागद घेणार असाल तर चाचणीही मॅटवरच, कारण गडद छटा तिथे आधी बुजतात.

देवळाली
ही चाचणी जेपेगवाल्यांनीही करावी, एवढं मान्य. दिवसाच्या अल्बमसाठी मात्र मी रॉ काढणार नाही.