कंबरदुखीवर अ‍ॅक्युपंक्चर करावं का?

प्रश्न: आई विड्या वळते. मांडीवर सूप घेऊन दिवसभर वाकून बसायचं, कंबर पार धरलीय. शेजारच्या मावशी सुया टोचून घ्या म्हणतात. आई म्हणते, "दुखतंय तिथंच अजून टोचायचं होय?" रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. सोलापुरात कुणी घेतलंय का?

उत्तर १: मी मानेसाठी घेतलं. सुई अगदी बारीक, इंजेक्शनसारखी पोकळ नसते. मुंगी चावल्यागत होतं, मग आत जडपणा येतो. चिनी वैद्य त्याला 'द-छी' म्हणतात, तो यावा लागतो. मान वळायला लागली, पण पहिल्याच वेळी नाही.

उत्तर २: 'छी' म्हणजे चिनी वैद्य मानतात ती जीवनशक्ती; तिच्या वाहिन्या शरीरात कुणाला सापडलेल्या नाहीत. तरी जुनाट कंबरदुखीत थोडा उतार पडतो, असं चाचण्यांत दिसलंय. पण तुलनेसाठी काहींना लुटुपुटूच्या, म्हणजे नुसत्या टोचल्यासारख्या करायच्या सुया लावतात, त्यांच्यापेक्षा फरक बेताचाच. गोळीचं आधी सांगा, रक्त येऊ शकतं. सुया सीलबंद पाकिटातल्याच हव्यात.

उत्तर ३: आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारताच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकातल्या डॉ. बसूंनी पुढे ही विद्या भारतात आणली. सोलापूरकरांनी बिचकायचं कशाला?

प्रश्नकर्ती: कोटणीसांचं नाव ऐकून आई तयार झाली! गोळीचं आधी डॉक्टरांना विचारते. विड्या मात्र सोडणार नाही म्हणते.