प्रति : अॅम्बेसिडरचा टेम्परेचर काटा हलत नाही

दादा, चोर्ला घाट चढून बॉनेटमधून वाफा येतात आणि काटा मात्र ‘सी’वरच (म्हणजे थंड), असं तुम्ही लिहिलंय. वर दोघांनी गेजच (डॅशबोर्डवरचं काट्याचं मीटर) बदलायला सांगितलंय. इतक्यात बदलू नका, जुना गेज एकदा भंगारात गेला की तसा परत मिळत नाही.

तुमचा गेज एका वायरचा आहे, म्हणजे इलेक्ट्रिक. इग्निशन चालू करा, इंजिनवर थर्मोस्टॅटजवळ (पाण्याचा प्रवाह सांभाळणारी झडप) सेंडर, म्हणजे पाण्याचं तापमान गेजला कळवणारा सेन्सर असतो, त्याची वायर काढा आणि तिचं टोक इंजिनच्या उघड्या लोखंडाला क्षणभर टेकवा. जास्त वेळ धरू नका, गेज जळेल. काटा ‘एच’कडे (गरम) सरकला तर गेज आणि वायर ठीक, दोष सेंडरचा किंवा त्याच्या अर्थिंगचा. पुष्कळदा मेकॅनिक गळती थांबवायला सेंडरच्या आट्यांवर टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळतात. सेंडरला अर्थ त्या आट्यांतूनच मिळतो, हे कुणी लक्षातच घेत नाही! टेप काढा, आटे ब्रशने घासा.

तरीही शंका असेल तर सेंडर गरम पाण्यात धरून मल्टिमीटर (रेझिस्टन्स मोजायचं मीटर) लावा. पाणी तापेल तसा रेझिस्टन्स उतरत गेला पाहिजे. नवा सेंडर आट्यात बसत नसेल तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुठल्याही लेथवर पितळी अॅडॅप्टर करून मिळेल.

पेट्रोलचा काटाही चुकत असेल तर मात्र आधी डॅशबोर्डमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर बघा, दोन्ही गेजना वीज त्याच्यातूनच मिळते.

आणि काटा नीट होईपर्यंत गाडी घाटात घालू नका. इंजिन तापून हेड गॅस्केट (इंजिन ब्लॉक आणि हेडमधलं सील) गेलं तर खर्च फार मोठा.