५८ चं ६० झालं: फेटलिंग, नॉकआउटच्या कामगारांनी शेवटची वर्षं कशी काढायची?

मच्छेकर
नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबाग-मच्छे पट्ट्यातल्या फाउंड्रीबद्दल, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्यांबद्दल विचारतोय. नॉकआउट म्हणजे साचा फोडून ओतलेला माल बाहेर काढणं, फेटलिंग म्हणजे त्यावरची जादा धातू छाटून घासणं. निवृत्ती आता ६० ला. ऑफिसातल्या माणसाला ती दोन वर्षं म्हणजे दोन वर्षांचा जादा पगार. पण दिवसभर चिपिंग हॅमर (हवेवर चालणारा छिन्नीचा हातोडा) धरणाऱ्याचं काय? आमच्या खात्यात पंचावन्नच्या पुढच्या लोकांच्या कंबरा धरल्यात, डिसेंबरच्या थंडीत सकाळी बोटं पांढरी पडून बधिर होतात. ५८ ला सोडलं तर ग्रॅच्युइटी, पेन्शन बुडते का? हलकं काम मागायचं तर कसं? आणि खात्यातच काय बदललं तर माणूस ६० पर्यंत धडधाकट राहील? आकडे घालून सांगा की, नुसतं "युनियनला भेटा" नको.

हिशेब_वडगाव
मच्छेकर, आधी एक गैरसमज काढू. कर्नाटकात २०१७ मध्ये मॉडेल स्टँडिंग ऑर्डर्समध्ये (नोकरीच्या अटींचे सरकारी नमुना नियम) निवृत्तीचं वय ५८ चं ६० झालं. त्याचा अर्थ कंपनीनं ६० च्या आत वयाच्या कारणानं घरी पाठवू नये, एवढाच. कामगारानं ६० पर्यंत थांबलंच पाहिजे असं त्यात काही नाही. नोटीस देऊन ५८ लाच काय, ५६ लाही सोडता येतं. महाराष्ट्रातल्या चंदगड भागातून रोज येणाऱ्यांनाही हेच लागू, कारण कारखाना कर्नाटकात आहे. पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) केंद्राचे, तिथं राहायचं गाव कुठल्या राज्यात याचा संबंध नाही.

ग्रॅच्युइटी बुडत नाही. पाच वर्षं सलग नोकरी झाली की हक्क तयार. शेवटचं बेसिक अधिक डीए (महागाई भत्ता) भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. बेसिक-डीए १५,६०० असेल तर एका वर्षाचे ९,०००, बावीस वर्षांचे १,९८,०००. शेवटचं वर्ष सहा महिन्यांच्या वर गेलं तर पूर्ण धरतात. म्हणून सोडायची तारीख ठरवताना रुजू झाल्याची तारीख समोर ठेवा. वर्षाला पाच महिने झालेले असताना सोडलं तर ते पाच महिने हिशेबात येत नाहीत, आणखी दोन महिने थांबलं तर अख्खं वर्ष मिळतं.

पेन्शनमध्ये लोक जास्त फसतात. ईपीएसचं, म्हणजे पीएफसोबतच्या पेन्शन योजनेचं पेन्शन ५८ ला सुरू होतं, निवृत्ती ६० ला असली तरी. नोकरी चालू ठेवून ५८ ला फॉर्म १०-डी (पेन्शनचा अर्ज) भरता येतो. "निवृत्त झाल्यावर बघू" म्हणून थांबणाऱ्याला प्रत्येक वर्षाला ४ टक्के वाढ मिळते, पण हिशेब करून बघा. समजा सप्टेंबर २०१४ च्या आधीची ८ वर्षं आणि नंतरची ११, पगार मर्यादेच्या वर. सूत्र पगार × वर्षं ÷ ७०. आधीच्या वर्षांना पगाराची मर्यादा ६,५००, नंतरच्यांना १५,०००. ६,५०० × ८ ÷ ७० म्हणजे ७४३, आणि १५,००० × ११ ÷ ७० म्हणजे २,३५७. महिना ३,१०० रुपये. वर्गणी न भरता ६० पर्यंत थांबलं तर वाढ साधारण २५० रुपये, आणि दोन वर्षांत सोडलेलं पेन्शन ७४,४००. ते भरून यायला पंचवीस वर्षं लागतील. फाउंड्रीतल्या माणसानं हा सौदा करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नोकरीची २० वर्षं भरली असतील तर हिशेबात २ वर्षं वाढवून मिळतात, तेवढ्यासाठी कुणी काठावर असेल तर त्यानं वेगळं गणित मांडावं.

५८ च्या आधी पेन्शन घ्यायचं तर नोकरी सोडावी लागते आणि ५८ ला जितकी वर्षं कमी, त्या प्रत्येक वर्षाला ४ टक्के कापतात. ते पन्नाशीनंतरच मिळतं आणि किमान १० वर्षांची सेवा लागते.

काकतीकर
खात्यात काय बदलायचं ते मी सांगतो. नव्या मशीनच्या कोटेशनपर्यंत जायच्या आधी बरंच करता येतं.

कंबर जाते ती उचलण्यापेक्षा जमिनीवरून उचलण्यानं. वीस किलोचं कास्टिंग (ओतलेला तुकडा) कमरेच्या उंचीला असेल तर झेपतं, तेच जमिनीवर पडलेलं वाकून, अंग वळवून उचललं की मणक्यावर येतं. अमेरिकेच्या निओश संस्थेच्या सूत्रात सगळी स्थिती उत्तम असताना २३ किलो ही वरची मर्यादा आहे. वाकणं, वळणं, लांब हात करणं आलं की ती झपाट्यानं खाली येते. म्हणून नॉकआउटनंतर माल जमिनीवर ओतायचा बंद करा. ७५ ते ८० सेंटीमीटर उंचीचं अँगलचं टेबल किंवा रोलर ट्रॅक बसवा, हातानं न झेपणाऱ्या जड मालाला जिब क्रेन आणि चेन पुली. ट्रॉलीची चाकं वाळूत रुततात हे विसरू नका. छोटी चाकं घेतली की आठवड्यात ट्रॉली कोपऱ्यात पडते आणि माणूस परत हातानं उचलायला लागतो. मोठ्या व्यासाची चाकं घ्या आणि जाण्यायेण्याची वाट रोज साफ ठेवा.

बोटं पांढरी पडतात ती हॅमर आणि ग्राइंडरच्या थरथरीनं. बोथट छिन्नी असली की माणूस जास्त जोरानं दाबतो आणि थरथर जास्त वेळ हातात जाते. प्रत्येकाला दोन छिन्न्या द्या, एक कामात, एक धारेला. ग्राइंडरचं चाक एका बाजूनं झिजलं असेल तर ड्रेस करा (घासून सारखं करा), नाहीतर बदला. "अजून महिनाभर चालतंय" म्हणून वाचवलेलं चाक हातावर वसूल होतं. सात इंची ग्राइंडर स्प्रिंग बॅलन्सरला टांगला की खांद्यावरचं वजन उतरतं. एक्झॉस्ट हवा हातावर येत असेल तर नळी मागे वळवा, गार हवेनं बोटांचा रक्तपुरवठा अजून कमी होतो. एकाच माणसाला अख्खी पाळी हॅमर नको. तासाभरानं त्याला गेज, तपासणी, पॅकिंग असं दुसरं काम द्या आणि जेवणानंतर माणसं बदला.

चष्म्याकडे कुणी बघत नाही. पन्नाशीनंतर बायफोकल लागतो आणि खाली बघताना जवळच्या काचेतून बघितलं जातं, त्यामुळे पायाजवळची जमीन धूसर दिसते. लॅडल (वितळलेल्या धातूचं भांडं) घेऊन चालणाऱ्याला हे जिवावर बेतणारं आहे. पोअरिंगला, म्हणजे धातू ओतताना, फक्त लांबच्या नंबरचा सेफ्टी गॉगल बनवून घ्या.

वाळूची धूळ कॉम्प्रेसरच्या हवेनं उडवून कपडे, टेबल साफ करणं ताबडतोब थांबवा. डोळ्याला दिसते ती धूळ खाली बसते. फुप्फुसात खोल जाणारी सिलिका दिसत नाही आणि हवेत तरंगत राहते. व्हॅक्यूम किंवा ओलं फडकं वापरा. शॉट ब्लास्टच्या शेजारी साधा कापडी मास्क म्हणजे काहीच नाही.

मच्छेकर
काकतीकर अण्णा, छिन्नीचं उद्याच बघतो. अजून दोन शंका. हलकं काम दिलं की बेसिक कमी करतो म्हणतात. आणि आमच्याकडं फेटलिंगचे निम्मे लोक ठेकेदाराचे. त्यांचं काय?

टिळकवाडी_लेबर
बेसिक कमी करायला सही करू नका. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर ठरते, म्हणजे शेवटच्या वर्षी दोन हजार कमी झाले तर मागची सगळी वर्षं त्या कमी दरानं मोजली जातात. पेन्शनचा पगार शेवटच्या ६० महिन्यांच्या सरासरीनं धरतात, तिथंही मार. इन्सेंटिव्ह गेला तर जाऊ दे, बेसिक-डीए तोच राहील असं पत्रात लिहून घ्या. ग्रॅच्युइटीच्या नियमांत एक आधार आहे: अपंगत्व आल्यावर कमी पगारावर घेतलं तर आधीच्या वर्षांना आधीचाच पगार धरायचा. पण त्यासाठी अपंगत्वाची नोंद हवी, तोंडी "कंबर दुखते" चालत नाही.

म्हणून मागणी करताना कागद आधी. "वय झालं, हलकं काम द्या" असा अर्ज लिहिला तर साहेब वयच पुढं करतात. त्याऐवजी डॉक्टरांनी काय टाळायला सांगितलंय ते लिहा: १५ किलोच्या वर उचलू नये, कंप पावणारं अवजार दिवसात अमुक तासांवर धरू नये, शिडी चढू नये. खात्यातल्या कुठल्या जागा त्यात बसतात तेही नावानिशी लिहा: टूल क्रिब (अवजारांची खोली), कोअर तपासणी, पॅटर्न स्टोअर, डिस्पॅच. दोन प्रती, एकीवर पोच. मोघम अर्ज महिनोन्महिने पडून राहतो.

कानाची तपासणी सोमवारी सकाळी पाळीच्या आधी करा. कामावरून थेट गेलं तर कान तात्पुरते बधिर असतात आणि रिपोर्टवर कुणी विश्वास ठेवत नाही. आवाजानं आलेला बहिरेपणा आणि सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार) हे दोन्ही ईएसआयच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहेत. मेडिकल बोर्डानं टक्केवारी ठरवली तर कायमस्वरूपी लाभ मिळतो. नोकरीत असतानाच हे करून घ्या, सोडल्यावर सिद्ध करणं फार जड जातं. छातीचा एक्स-रे जपून ठेवा, जुन्या-नव्याची तुलनाच पुढे कामाला येते. सिलिकोसिसवाल्याला क्षयाचा धोका जास्त, तेव्हा खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला की थुंकी तपासा.

सोडतानाच्या पत्रात "राजीनामा" एवढंच लिहू नका, "मुदतपूर्व निवृत्ती" लिहा आणि कंपनीकडून तसाच दाखला घ्या. पाच वर्षं ईएसआय झालेल्याला निवृत्तीनंतर वर्षाला १२० रुपये भरून नवरा-बायको दोघांना औषधोपचार मिळतो. नुसत्या राजीनाम्यावर तो अडकतो.

ठेकेदाराच्या लोकांचं पीएफ-ईएसआय ठेकेदारानं नाही भरलं तर जबाबदारी मूळ कंपनीवर येते. दर महिन्याला पासबुक बघा. ठेकेदार बदलला तरी यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) एकच राहू दे, नाहीतर दहा वर्षांची सेवा तुकड्यांत विखुरते आणि पेन्शनच बसत नाही.

हिशेब_वडगाव
एक राहिलं. ५८ पूर्ण झाल्यावर कंपनीच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शन खात्यात जायचे थांबून पीएफमध्ये यायला हवेत. महिना १,२५० म्हणजे दोन वर्षांत ३०,००० अधिक व्याज. बऱ्याच ठिकाणी अकाउंटवाला ईसीआरमध्ये (पीएफचा दरमहाचा भरणा तक्ता) बदल करत नाही, पैसे पेन्शन खात्यातच जात राहतात आणि पुढं १०-डी परत येतो. वाढदिवसाच्या महिन्यात जाऊन त्याला सांगा, आणि पुढच्या महिन्यात पासबुक उघडून बघा.

जन्मतारखेचंही आत्ताच बघा. शाळेच्या दाखल्यावर १ जून, आधारवर दुसरी, पीएफला तिसरी असं आपल्याकडं घरोघर आहे. मराठी दाखल्यावरचं नाव इंग्रजीत लिहिताना आडनावाचं स्पेलिंगही दोन तऱ्हेनं पडतं. कंपनीची सही लागते ते जॉइंट डिक्लरेशन (पीएफच्या नोंदी दुरुस्त करायचा अर्ज) ५६-५७ लाच करून घ्या, तेव्हा माणूस कामावर असतो आणि एचआर भेटतो.